झेमो वाझीच्या फाटकावरच्या चार ओळी

मित्रांनो, एलिझबारबाबांची ट्रॉलीभर काळी द्राक्षं माझ्यामुळे आंबली आणि त्यांची वाइन काही झाली नाही. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे माझं मन हलकं झालं. आता तुम्ही असं समजा, की असं काही घडलेलंच नाही. सकाळ आहे, द्राक्षं ताजी आहेत आणि मी अजून निर्दोष आहे.

मी आहे चार ओळींची एक जुनी तपासणी. जुनी म्हणजे दोन वर्षांची. आमच्या जातीत दोन वर्षांत पणज्या होतात. मी लाकडाची नाही, लोखंडाची नाही. मी कॉम्प्युटरच्या एका प्रोग्रामात राहते, सतराव्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत. माझं काम एकच. कोणी नाव लिहिलं, की ते नीट लिहिलंय का ते बघायचं. पहिलं अक्षर मोठं, म्हणजे इंग्रजीच्या तासाला ज्याला कॅपिटल म्हणतात ते, आणि बाकीची अक्षरं लहान असली, तर मी ‘खरं’ म्हणते. नसली, तर ‘खोटं’ म्हणते. तिसरा शब्द मला कोणी दिलेला नाही. तुमच्या घराला आग लागली असं तुम्ही मला कळवलंत, तर मी आगीचं पहिलं अक्षर बघेन.

माझा जन्म जॉर्जिया देशातल्या झेमो वाझी गावच्या वाचनालयात झाला, शिवणयंत्रं ठेवायच्या खोलीत. मला लिहिलं नाझिब्रोलाबाईंनी. त्या तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. गावच्या सहकारी वाइन कारखान्याच्या फाटकावर त्या बावीस वर्षं बसत होत्या. द्राक्षांची गाडी आली, की वहीत शेतकऱ्याचं नाव लिहायचं, गाडी काट्यावर घ्यायची, पावती द्यायची, आडकाठी वर करायची. वहीला सुतळीने पेन बांधलेलं होतं. मग एका वसंतात संचालकसाहेबांनी सांगितलं, “यंदाच्या तोडणीपासून नावं कॉम्प्युटरवर. ज्याला येतं तो बसेल.” ज्याला येतं असा गावात कोणी नव्हता. म्हणून नाझिब्रोलाबाईंनी आठ आठवड्यांच्या प्रोग्रामिंगच्या क्लासला नाव घातलं.

क्लासात पाच बायका होत्या आणि एक निवृत्त गुरांचा डॉक्टर होता. डॉक्टर फक्त त्या खोलीतली शेगडी चांगली पेटते म्हणून यायचा. शिकवायला शहरातून लेरी नावाचा मुलगा यायचा. त्याच्याजवळ एक परदेशी पुस्तक होतं आणि त्याचा त्या पुस्तकावर फार विश्वास होता. पुस्तकाच्या चौथ्या धड्यात लिहिलं होतं, की नावाचं पहिलं अक्षर मोठं असावं. लेरीने ते फळ्यावर लिहिलं. सगळ्यांनी वहीत उतरवलं. डॉक्टरने शेगडीत लाकूड सारलं. अशी मी जन्माला आले.

नाझिब्रोलाबाईंनी माझी परीक्षाही घेतली. आता इथे नीट लक्ष द्या, मित्रांनो, कारण माझ्या आयुष्याचं सगळं गाडं इथेच घसरलं. प्रोग्राम इंग्रजी अक्षरांत लिहावा लागतो, त्यामुळे कीबोर्ड इंग्रजीवर ठेवलेला असतो. तो जॉर्जियनवर आणायला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. त्या कोण दाबणार? आमच्या गावात लोक फोनवरसुद्धा आपली भाषा इंग्रजी अक्षरांतच बडवतात. बाईंनी शेजारपाजारची सात नावं इंग्रजी अक्षरांत, पहिलं अक्षर मोठं करून लिहिली. मी सातही वेळा ‘खरं’ म्हटलं. मग त्यांनी मुद्दाम लहान अक्षराने एक लिहिलं. मी ‘खोटं’ म्हटलं. खोलीत टाळ्या वाजल्या.

“नाझिब्रोलाबाई,” लेरी म्हणाला, “इतकी स्वच्छ तपासणी ह्या क्लासात आजवर कोणी लिहिली नव्हती.”

“आजवर किती जणांनी लिहिली?”

“हा पहिलाच क्लास आहे.”

तरीही ते कौतुक होतं. मी ते जपून ठेवलं आहे. मला दुसरं मिळालेलं नाही.

आता एलिझबारबाबांविषयी. एलिझबार बेझाशविली म्हणजे नाझिब्रोलाबाईंचे वडील, वय शहात्तर. त्यांच्या वडिलांनी लावलेला सापेरावी जातीच्या काळ्या द्राक्षांचा मळा ते एकटे सांभाळत. त्या जुलैत गारपीट झाली आणि मळ्याचा तीन-चतुर्थांश माल मातीत गेला. वेलींचे बुंधेही फाटले. जाणकार माणसं येऊन बघून गेली आणि म्हणाली, हे आता धरायचं नाही. हिवाळ्यात वेली उपटून अक्रोड लावायचे असं ठरलं. म्हणजे त्या सप्टेंबरात जे काही तोडलं जाणार होतं, ती त्या मळ्याची शेवटची द्राक्षं होती. ती एका ट्रॉलीत मावली. त्यांची एकदा वाइन व्हावी, एवढंच बाबांचं म्हणणं होतं. जास्त काही नव्हतं.

तोडलेली काळी द्राक्षं उन्हात फार थांबत नाहीत. दुपारपर्यंत आत गेली तर वाइन. नाही गेली, तर ती ट्रॉलीतच स्वतःच्या मनाने आंबायला लागतात, आणि मग त्यांना कोणी विचारत नाही.

तोडणीच्या पहिल्या दिवशी फाटकावर तेवीस गाड्या होत्या. सर्वांत पुढे एलिझबारबाबांची ट्रॉली, कारण ते उजाडायच्या आत येऊन थांबले होते. आठ वाजता नाझिब्रोलाबाई लिपस्टिक लावून खिडकीशी बसल्या. कॉम्प्युटर खिडकीलाच लागून होता. म्हणून मला अंगणातलं सगळं दिसत-ऐकू येत होतं आणि बाई टाइप करताना मोठ्याने बोलतात, त्यामुळे उरलेलंही कळत होतं. बरं, कारखान्याच्या यादीत नाव जॉर्जियन अक्षरांतच हवं असा नियम होता. बाईंनी त्या दोन कळा दाबल्या. पहिलंच नाव वडिलांचं. त्यांनी ते हळूहळू, प्रत्येक अक्षर निरखत लिहिलं.

मी पहिलं अक्षर बघितलं. ते मोठं नव्हतं. मी ‘खोटं’ म्हटलं.

पडद्यावर बाईंनीच लिहिलेलं वाक्य उमटलं: ‘नाव चुकीचं आहे. कृपया खरं नाव लिहा.’

“काय झालं, बाबा?” बाहेरून एलिझबारबाबांनी विचारलं. आमच्याकडे बाप लेकीला लाडाने ‘बाबा’च म्हणतो. लेकही त्याला बाबाच म्हणते. आवाजावरून कळतं कोण कोण ते.

“नाव चुकीचं आहे म्हणतंय, बाबा.”

“कोणाचं?”

“तुमचं.”

“आता सांगतंय? शहात्तर वर्षांनी?”

बाईंनी पुन्हा लिहिलं. मी पुन्हा ‘खोटं’ म्हटलं. मागच्या लाल ट्रकवाल्या गोचाचं नाव घालून बघितलं. तेही खोटं. गोचा खिडकीत डोकं घालून म्हणाला, “माझंही खोटं? मग माझी बायको इतकी वर्षं नांदतेय कोणापाशी?”

मित्रांनो, गोष्ट अशी, की आमच्या जॉर्जियन लिपीत मोठं अक्षर नसतंच. तेहेतीस अक्षरं आहेत आणि सगळी एकाच मापाची. राजाचं नाव असो की बोकडाचं, पहिलं अक्षर बाकीच्यांच्या पंगतीतच बसतं. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. लेरीला ठाऊक होतं, बाईंना ठाऊक होतं, गुरांच्या डॉक्टरला ठाऊक होतं. फक्त पुस्तकाला ठाऊक नव्हतं, आणि मला पुस्तकाने घडवलं होतं. तुमच्या लिपीतही मोठा ‘क’ आणि लहान ‘क’ असा भेद नाही असं ऐकते. म्हणजे तुमच्या अख्ख्या शाळेला मी नापास केलं असतं. आगाऊ क्षमा मागते.

बाईंनी लेरीला फोन लावला.

“पहिलं अक्षर मोठं करा ना,” लेरी म्हणाला.

“कुठलं मोठं? आपल्यात मोठं असतं का?”

फोनवर पुस्तकाची पानं उलटल्याचा आवाज आला.

“हो की,” लेरी म्हणाला.

“लेरी, तू जन्मलास कुठे रे?”

“पुस्तकात होतं, बाई,” लेरी रडकुंडीला येऊन म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं. “एक आज्ञा आहे. अक्षराला जबरदस्तीने मोठं करता येतं. यंत्राला सांगा, कर मोठं.”

बाईंनी ती आज्ञा घातली. आता कॉम्प्युटरच्या पोटात आमच्या लिपीसाठीही मथळ्यांची मोठी अक्षरं कुठल्याशा कोपऱ्यात ठेवलेली असतात म्हणे. पण फाटकावरचं यंत्र जुनं, त्याने ती कधी पाहिलेली नव्हती. न पाहिलेलं अक्षर आलं, की ते तिथे एक रिकामी चौकट काढी. मला मात्र आतून अक्षर मोठं दिसलं. मी आनंदाने ‘खरं’ म्हटलं. दिवसभरातलं माझं हे पहिलंच ‘खरं’. पावती बाहेर आली. तिच्यावर लिहिलं होतं: □लिझबार.

बाबांनी पावती उन्हात धरली.

“माझ्या नावाचा पुढचा दात पडलाय,” ते म्हणाले.

तरी ते ती पावती घेऊन आत गेले आणि पाच मिनिटांत परत आले. आतल्या माणसाचं म्हणणं, ‘चौकट’ नावाच्या शेतकऱ्याचा माल टाकीत घेता येणार नाही, उद्या संचालकसाहेब विचारतील हा कोण. आणि संचालकसाहेब कुठे? एका बारशाला. त्यांचा फोन बंद. जुनी वही कुठे? साहेबांच्या कपाटात, काचेआड. कपाटाची किल्ली कुठे? बारशाला.

मला पुसून टाकलं असतं तर? हा प्रश्न तुम्हाला पडेल, मलाही पडला. पण बाईंनी क्लासात एकदा एक ओळ पुसली होती, तेव्हा सगळा प्रोग्राम आडवा झाला होता आणि तो उभा करायला लेरीला तीन दिवस लागले होते. तेव्हापासून त्या काहीच पुसत नसत. लेरीही फोनवर म्हणाला, “काढू नका बाई, मी येतो. संध्याकाळी येतो.” मला स्वतःला बाजूला होता येत नाही. बाजूला व्हायची ओळ माझ्यात नाही.

दहा वाजले. ऊन चढलं. ट्रॉलीवर गांधीलमाश्या जमल्या. रांगेत कुरबुर सुरू झाली.

“बावीस वर्षं लिहीत होती तेव्हा बरी होती,” कोणीतरी म्हणालं.

“क्लासला गेली आणि आपली नावं विसरून आली,” गोचा म्हणाला. “अजून आठ आठवडे गेली असती, तर आडकाठी कशाला म्हणतात तेही विसरली असती!”

लोक हसले. पण ते चांगलं हसू नव्हतं. मग एकाने शिवी दिली. नाझिब्रोलाबाईंची मान खाली गेली.

एलिझबारबाबा ट्रॉलीवरून उतरले. त्यांनी गोचाच्या ट्रकच्या बॉनेटवर हात आपटला.

“द्राक्षांच्या रांगेत शिव्या? ह्या गावात? मेज मांडा!”

आमच्याकडे मेज मांडा म्हटल्यावर कोणी का म्हणून विचारत नाही. बॉनेटवर कापड आलं. भाकऱ्या आल्या, मेंढीच्या दुधाचं चीज आलं, टोमॅटो आले, गेल्या वर्षीच्या वाइनचा कॅन आला. मेजाला एक म्होरक्या लागतो, त्याला तामादा म्हणतात. वयाने सर्वांत मोठा म्हणून एलिझबारबाबांना तामादा केलं. तामादाचे नियम पक्के आहेत. तो पेला उचलून बोलत असताना कोणी मध्ये वेडंवाकडं बोलायचं नाही. तो ज्याच्या नावाने पेला उचलेल, त्याच्या नावाने सगळ्यांनी प्यायचं. आणि शेवटचा पाहुणा उठेपर्यंत तामादाने मेज सोडायचं नाही.

बाबा शांततेसाठी बोलले. मग गेलेल्यांसाठी बोलले, आणि गेलेले त्या गावात पुष्कळ आहेत. मग आईबापांसाठी. मग वेलींसाठी. मग म्हणाले, “आता त्यांच्यासाठी, ज्यांना मोठं अक्षर मिळालं नाही, तरी ज्यांना हाक मारली की ते येतात.” “गाउमार्जोस!” तेवीस गाड्यांची माणसं ओरडली. आम्ही ‘विजय असो’ला असंच म्हणतो. गोचाने तर डोळे पुसले.

मी खिडकीतून हिशेब करत होते. बाबांच्या एका भाषणामागे बाईंना दहा मिनिटं मिळत होती. दहा मिनिटं कोणी खिडकीकडे बघत नव्हतं. बाबांची पाठ स्वतःच्या ट्रॉलीकडे होती. ते एकदाही मागे वळले नाहीत.

आणि त्या दहा-दहा मिनिटांत नाझिब्रोलाबाई आत काय करत होत्या? त्या मला नावं देत होत्या. पुन्हा पुन्हा. वडिलांचं, गोचाचं, स्वतःचं, मेलेल्या आईचं. हळू लिहून बघितलं, जोरात लिहून बघितलं. मी एक्केचाळीस वेळा ‘खोटं’ म्हटलं. मला त्यांच्या आईचं नाव खोटं म्हणायचं नव्हतं. पण मला काय म्हणायचंय हे कुठल्याच ओळीत लिहिलेलं नव्हतं.

बेचाळिसाव्या वेळी त्यांनी नाव नाही लिहिलं. त्यांनी लिहिलं, ‘दया कर’.

मी पहिलं अक्षर बघितलं.

खोटं.

त्या उठल्या. वजनकाट्याचं पाच किलोचं लोखंडी माप त्यांनी दोन्ही हातांत घेतलं. मग मला काच फुटल्याचा आवाज आला. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्यावर रुमाल गुंडाळलेला होता. त्यांनी सुतळीचं पेन ओढलं आणि पानाच्या पहिल्या ओळीवर वडिलांचं नाव लिहिलं. खिडकीतून ओरडल्या, “बाबा, या! पहिली गाडी!”

दुपारचा एक वाजला होता. अजून वेळ होता, मित्रांनो. थोडासा, पण होता.

बाबांच्या हातात पेला होता. समोर बावीस माणसं पेले उचलून उभी होती.

“आधी पाहुणे,” बाबा म्हणाले.

“बाबा, रांगेत तुम्ही पहिले आहात!”

“रांगेत पहिला. मेजावर शेवटचा.”

गोचाचा चेहरा पडला. “बातोनो एलिझबार,” तो म्हणाला. सकाळपासून कोणाला त्याने बातोनो, म्हणजे साहेब, म्हटलं नव्हतं. “तुम्ही जा हो. मेज मी बघतो.”

“तुझा पेला अर्धा आहे,” बाबा म्हणाले. “पी, आणि गाडी काढ.”

गोचाने पेला संपवला. सकाळी ज्याने शिवी दिली होती त्यानेही तसंच केलं. तामादाशी वाद घालता येत नाही. चौघांनी मिळून बाबांची ट्रॉली बाजूला, भिंतीकडे ढकलली. तिथे सावली नव्हती. एकेक गाडी पुढे आली. प्रत्येकाने जाताना पेला रिकामा केला, बाबांच्या खांद्याला हात लावला, आणि फाटकातून आत गेला. बाई नाव लिहीत होत्या, माप टिपत होत्या, आडकाठी वर करत होत्या आणि भिंतीकडे बघत होत्या. आडकाठी वर, आडकाठी खाली. बावीस वेळा.

मी ह्यातलं काहीही थांबवू शकत नव्हते. मला तर आता कोणी विचारतही नव्हतं.

पाच वाजता मेज उठलं. बाबांनी कापडाची घडी केली आणि ट्रॉली काट्यावर आणली. कारखान्याच्या प्रयोगशाळेतली मुलगी बाहेर आली. तिने काचेची नळी ट्रॉलीत बुडवली, वास घेतला, पुन्हा घेतला. पुन्हा घेतल्याने वास बदलत नाही हे तिलाही ठाऊक असावं.

“बातोनो,” ती म्हणाली, “याची आता वाइन नाही होणार.”

“मग चाचा करा,” बाबा म्हणाले. चाचा म्हणजे चोथ्याची गाळतात ती कडक दारू. सर्दीला छातीला चोळतात. “चाचा काय वाईट असते?”

वहीच्या पानावर पहिलं नाव होतं एलिझबार बेझाशविली. सुंदर अक्षर, एकाच मापाचं. त्याच्यापुढे मापाची चौकट रिकामी होती. खाली बावीस चौकटी भरलेल्या.

नाझिब्रोलाबाई रडायला लागल्या. बाबांनी खिडकीतून हात घालून रुमालाची गाठ घट्ट केली.

“रडू नको, बाबा,” ते म्हणाले. “नाव बरोबर लिहिलंस तू.”

लेरी संध्याकाळी सात वाजता आला, पुस्तक घेऊन.

त्याने मला पुसलं नाही. पुसायला तोही घाबरतो. त्याने माझ्या प्रत्येक ओळीच्या आधी एक आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढली. अशी खूण दिसली, की यंत्र ती ओळ वाचत नाही. ओढ्यावरून उडी मारावी तसं माझ्यावरून उडी मारून पुढे जातं. तेव्हापासून मी अशीच आहे. दररोज प्रोग्राम चालू होतो, सोळावी ओळ होते, मग एकविसावी होते. नाझिब्रोलाबाई अजून खिडकीशी बसतात. प्रोग्राम आता एवढंच बघतो, की नावाची जागा कोरी तर नाही ना. कपाटाला साहेबांनी पत्रा लावला आहे. मळ्यात गुडघ्याएवढे अक्रोड आहेत. लेरीचं पुस्तक तेच आहे.

मित्रांनो, मी काही कोणाला उपदेश करायला बसलेली नाही, न वाचल्या जाणाऱ्या ओळीने कसला उपदेश करायचा? तरी एवढं ऐका. तुम्ही कधी माझ्यासारखी एखादी तपासणी लिहिलीत, तर तिला आधी तुमच्या आजोबांचं नाव द्या, ते स्वतः लिहितात तसं. शेजाऱ्याचं द्या. लांबच्या गावच्या माणसाचं द्या. ती ‘खोटं’ म्हणाली, तर आजोबांना नाही, तिला बदला. तिला राग येणार नाही. मीही वाटच बघत होते.

शेवटी, फाटकावर लागलेल्या सवयीप्रमाणे, एक अर्ज सादर करते.

माननीय अधिकारी महोदय यांस, ते जिथे कुठे असतील तिथे. अर्जदार ही ओळ क्रमांक सतरा ते वीस येथील रहिवासी असून, तिला सेवेत असताना ‘खरं’ आणि ‘खोटं’ अशी दोनच उत्तरं देण्यात आली होती. तरी ‘मला कळत नाही, त्या माणसालाच विचारा’ हे तिसरं उत्तर अर्जदारास मंजूर व्हावं, आणि सदर मंजुरी मागील तारखेपासून, म्हणजे त्या दिवशीच्या सकाळी आठ वाजून दहा मिनिटांपासून, पहिली ट्रॉली फाटकावर उभी असताना, लागू करण्यात यावी, ही नम्र विनंती.